नऊ सुयांचा माग

संपादक मंडळाचा निरोप आला तो असा : "शाळेच्या आठवणी बाकीचे लिहिणारच आहेत, तू तुझ्या यंत्राचा इतिहास लिही." माझे यंत्र म्हणजे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. डिप्लोमा झाल्यापासूनचे माझे बहुतेक आयुष्य हे प्रिंटर विकण्यात आणि त्याहून जास्त ते उघडून दुरुस्त करण्यात गेले. आपल्या बॅचमध्ये हे यंत्र न पाहिलेला कोणी नसेल. बँकेच्या काउंटरमागे, रेल्वेच्या आरक्षण खिडकीत, चाटी गल्लीतल्या एखाद्या पेढीवर त्याचा तो लाकूड कापल्यासारखा आवाज आपण सगळ्यांनीच ऐकला आहे. दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असलेला, एकाला एक जोडलेला तो लांबच लांब कागदही आठवत असेल. कुणाचे वडील बँकेत किंवा गिरणीच्या ऑफिसात असले की त्या घरी असले पाठकोरे कागद गठ्ठ्याने यायचे आणि आपली कच्ची गणिते त्यावर व्हायची. कडेच्या पट्ट्या फाडून, एकीवर एक दुमडून स्प्रिंग करण्यात मुलींचा हात कुणी धरू शकत नसे.

पण त्या कागदाच्या आठवणी काढत बसलो तर पाने संपतील. मला लिहायचे आहे ते वेगळे. हे यंत्र इंग्रजी अक्षराच्या मापाने बनवलेले होते. त्यात आपली मराठी कशी बसवली गेली, बसेपर्यंत आपल्या नावांचे काय झाले, आणि ही अडचण सोलापूरच्या माणसाला इतरांपेक्षा लवकर का कळावी, हे मांडण्याचा प्रयत्न करतो.

आधी यंत्र समजून घेऊ. प्रिंटरच्या हेडमध्ये बारीक पोलादी तारांची एक उभी ओळ असते. आम्ही दुरुस्तीवाले त्यांना पिना म्हणतो. इथे सुया म्हणतो, कारण पुढे ते सोयीचे पडणार आहे. प्रत्येक सुईमागे एक छोटे विद्युतचुंबक असते. वीज आली की सुई पुढे उडी घेते, शाईच्या रिबिनीवर आपटते, कागदावर एक ठिपका उमटतो आणि स्प्रिंग सुईला मागे ओढते. हेड कागदावरून आडवे सरकत असताना हे सेकंदाला शेकडो वेळा चालते. टाइपरायटरमध्ये प्रत्येक अक्षराचा लोखंडी खिळा असतो. 'क'चा खिळा 'क'च उमटवणार. इथे खिळाच नाही. कुठला ठिपका उमटवायचा आणि कुठला नाही, एवढेच यंत्राला कळते. अक्षराचा आकार त्याच्या पोटात आकड्यांच्या रूपात लिहून ठेवलेला असतो.

ही कल्पना एका माणसाची नाही. अमेरिकेत सेंट्रॉनिक्स कंपनीने १९७० मध्ये सात सुयांचा प्रिंटर आणला. प्रिंटरच्या केबलचे ते ३६ टोकांचे रुंद प्लग या कंपनीच्याच नावाने पुढे ओळखले गेले, आणि ते पकडीने सरळ करण्यात माझे किती तास गेले याचा हिशेब नाही. जपानमधली गोष्ट अधिक मजेची आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकसाठी सेको समूहाने शर्यतीची वेळ मोजून लगेच छापणारे घड्याळ तयार केले. त्या अनुभवातून १९६८ मध्ये ईपी-१०१ नावाचा चिमुकला प्रिंटर निघाला. तो भरपूर खपला, म्हणून त्याच्या पुढच्या पिढीला 'ईपीचा मुलगा' अशा अर्थाने 'एपसन' हे नाव १९७५ मध्ये दिले गेले. म्हणजे कंपनीचे नाव हेच मुळी प्रिंटरच्या पोराचे नाव.

याच एपसनने १९८० मध्ये एमएक्स-८० हा प्रिंटर काढला आणि घरगुती कम्प्युटरच्या जगात प्रिंटर म्हणजे हाच असे झाले. नऊ सुया, एका ओळीत ८० अक्षरे, सेकंदाला ८० अक्षरांचा वेग. हेड डावीकडून उजवीकडे जाताना छापे आणि परत येताना रिकामे न येता उलटे छापत येई. हेड झिजले तर गिऱ्हाइकाने स्वतः काढून नवे बसवावे इतके ते सोपे आणि स्वस्त केलेले होते. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९८१ मध्ये, आयबीएमने आपला पर्सनल कम्प्युटर बाजारात आणला तेव्हा त्याच्या जोडीला हाच प्रिंटर स्वतःची पट्टी चिकटवून विकला. त्यामुळे एपसनने प्रिंटरला हुकूम देण्याची जी भाषा ठरवली होती ती सगळ्यांचीच झाली. नंतर आपल्याकडे टीव्हीएस, विप्रो यांचे जे प्रिंटर घरोघरी, म्हणजे दुकानोदुकानी गेले, तेही तीच भाषा समजत. चाळीस वर्षांपूर्वी पाठ केलेले ते हुकूम मला आजही झोपेत म्हणता येतील. पाढे मात्र एकोणतीसला अडतात.

आपल्याकडे हे सगळे उशिरा आले. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने कम्प्युटरविषयीचे नवे धोरण जाहीर केले आणि आयात सोपी झाली. १९८४-८५ मध्येच 'क्लास' या नावाने शाळांत कम्प्युटर शिकवण्याची योजना सुरू झाली आणि देशभरातल्या अडीचशेच्या आसपास शाळांना इंग्लंडमधल्या बीबीसी मायक्रो जातीचे कम्प्युटर मिळाले. आपल्या शाळेपर्यंत ती योजना आली नाही. आपण 'संगणक' हा शब्द विज्ञानाच्या बाईंकडून ऐकला आणि त्याचे चित्र फळ्यावर पाहिले. घरी ठेवायच्या कम्प्युटरांत त्या वेळी स्पेक्ट्रमचे नाव होते. डेसिबेल्स नावाची कंपनी तो भारतात बनवू लागली होती. घरच्या टीव्हीला जोडायचा, कॅसेट प्लेअरवरून प्रोग्राम भरायचा. स्पेक्ट्रमला जोडता येणारा, सिंक्लेअर कंपनीने इंग्लंडमध्ये काढलेला स्वतःचा प्रिंटर म्हणजे एक गंमतच होती. चंदेरी मुलामा दिलेल्या चार इंच रुंद कागदावर ठिणगी पाडून तो अक्षरे जाळत असे. असला कागद सोलापुरात कुठून मिळणार? त्यापेक्षा मधे एक जोडणीचे कार्ड लावायचे आणि नऊ सुयांचा प्रिंटर साध्या कागदावर चालवायचा, हेच बरे.

तर असा एक स्पेक्ट्रम आणि असा एक प्रिंटर १९८८ च्या सुमारास मला हाताळायला मिळाला. मालक ओळखीतले होते, मुलाने परीक्षेच्या वर्षी खेळ खेळू नयेत म्हणून त्यांनी ती जोडी माझ्याकडे आणून ठेवली होती. इंग्रजी नाव छापून झाले, हिशेब छापून झाले. मग साहजिकच वाटले, 'सोलापूर' असे मराठीत छापू.

इथे यंत्राची उंची आडवी आली. नऊ सुयांत इंग्रजी अक्षर ऐसपैस बसते. मोठ्या अक्षराला सात सुया पुरतात, आणि ज्या छोट्या अक्षरांना खाली शेपूट असते त्यांना उरलेल्या दोन. आपल्या अक्षराला मात्र तीन मजले लागतात. मधल्या मजल्यावर अक्षर, वर शिरोरेषेच्या डोक्यावर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली तळघरात उकार, ऋकार, पाय मोडल्याची खूण. आपल्या गावाच्या नावातच पाहा : 'सो'ला वरचा मजला हवा आणि 'पू'ला तळघर. 'ला' आणि 'र' बिचारे मधल्या मजल्यावर भागवून घेतात.

प्रिंटरला त्याची स्वतःची अक्षरे बाजूला ठेवून ठिपक्यांचे चित्र छापायला सांगता येत असे. त्या पद्धतीत नऊपैकी आठ सुया हाताशी येत, कारण कम्प्युटरच्या एका बाइटमध्ये आठच घरे असतात. वरच्या सुईची किंमत १२८, तिच्या खालचीची ६४, मग ३२, १६, ८, ४, २ आणि तळाची १. ज्या सुया मारायच्या त्यांची बेरीज करून तो आकडा पाठवायचा की एक उभी रेघ छापली जाते. मग हेड एक ठिपका पुढे सरकते आणि पुढचा आकडा घेते. आठ इंचांच्या ओळीत असे ४८० आकडे. या हिशेबाने 'न' हे अक्षर असे होते : १२८, १५२, १५२, १४४, १४४, २५५, १२८. चौकटीच्या वहीवर करून पाहा. प्रत्येक आकड्यात १२८ आहे ती शिरोरेषा. १५२ म्हणजे शिरोरेषा आणि 'न'च्या डाव्या टोकाची गाठ. १४४ म्हणजे गाठीपासून निघालेली आडवी रेघ. २५५ म्हणजे आठही सुया एकदम, अर्थात काना. मराठीत काना किती आहेत हे तेव्हा कळले. दर दोन अक्षरांमागे २५५.

ही चित्रे काढायला मला बारीक चौकटींचा कागद लागे आणि तो सोलापुरात सहज मिळणारी एक जागा होती : पूर्व भागातले चादरीचे डिझाईन करणारे कारखाने. इथे थोडे मागाविषयी लिहिणे भाग आहे. साखर पेठ, अशोक चौक, कन्ना चौक या भागांतून ज्यांचे शाळेचे रस्ते गेले त्यांना हे नवे नाही, पण आपल्यातले निम्मे जण सात रस्ता आणि होटगी रोडकडचे.

सोलापुरी चादरीवर जो मोर, जी वेल, जी चौकट दिसते ती छापलेली नसते, विणलेली असते, आणि ती जॅकार्डवर विणली जाते. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जॅकार्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला हे यंत्र सिद्ध केले. मागाच्या माथ्यावर ते बसते. डिझाईन आधी चौकटीच्या कागदावर रंगवतात. एक चौकोन म्हणजे एका उभ्या धाग्याचा एका आडव्या धाग्याशी पडणारा छेद. मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडतात. एका आडव्या धाग्याला एक कार्ड. सगळी कार्डे दोरीने ओवून त्यांची माळ करतात आणि ती मागावर फिरत राहते. कार्ड सुयांच्या रांगेसमोर आले की जिथे भोक असेल तिथली सुई आरपार जाते आणि तिचा उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. उचललेल्या आणि न उचललेल्या धाग्यांमधून धोटा निघून जातो. भोक आहे किंवा नाही. धागा वर किंवा खाली. तिसरे काही नाही.

इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्राला हुकूम देण्यासाठी जॅकार्डची ही कार्डेच योजली होती. जॅकार्डचे रेशमात विणलेले एक चित्र त्याने स्वतःजवळ ठेवले होते आणि पाहुण्यांना तो ते कौतुकाने दाखवी. ते विणायला सुमारे २४ हजार कार्डे लागली होती. म्हणजे कम्प्युटरचे माहेर मागात आहे असे कुणी म्हटले तर सोलापुरात त्याला हसू नये. प्रिंटरचे हेड धोट्यासारखे जाते-येते, कागद कापडासारखा पुढे सरकतो, सुया आपले काम करतात. तुलना फार ताणायची नाही; मागावर अख्खी आडवी ओळ एका झटक्यात पडते आणि प्रिंटरमध्ये आठ-आठ ठिपक्यांच्या उभ्या रेघांनी ती भरत जाते. पण चित्र चौकोनांत मोडायचे आणि प्रत्येक चौकोनाला हो किंवा नाही म्हणायचे, ही विद्या दोन्हीकडे एकच.

हे माझ्या डोक्यात तेव्हा इतके नीट नव्हते. ते ज्यांच्यामुळे आले ते साखर पेठेतल्या एका कारखान्यात डिझाईन करत. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणे. कागद मागायला गेलो असताना माझ्या हातातला भरलेला कागद त्यांनी घेतला आणि चष्मा वर करून पाहिला.

"कुठल्या बॉर्डरीची डिझाईन म्हणायची ही?"

"बॉर्डर नाही अण्णा, 'न' आहे. कम्प्युटरवर मराठी छापायचंय."

"होय की, 'न' दिसतोय. मग ह्येला वेलांटी दिली तर ती कुठं बसणार? वर जागाच नाही."

"तीच तर अडचण आहे. सुया आठच आहेत."

अण्णांनी कागद परत केला. "सुया आठ असू दे की. मागावर तरी एका कार्डात मोर होतोय का? एका ओळीला दोन कार्डं लाव."

दोन कार्डे म्हणजे दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत अक्षरांचा वरचा अर्धा भाग छापायचा, कागद नेमका आठ ठिपक्यांइतका, म्हणजे एका इंचाच्या ७२ भागांपैकी ८ भाग वर सरकवायचा, आणि दुसऱ्या फेरीत खालचा अर्धा भाग जोडायचा. आठ अधिक आठ, सोळा ठिपक्यांची उंची. त्यात वरचे चार वेलांटी-मात्रांना, मधले आठ-नऊ अक्षराला, खालचे उकाराला. हीच युक्ती देशात आणि परदेशांत अनेकांनी आपापल्या लिप्यांसाठी स्वतंत्रपणे काढली असणार, कारण नऊ सुयांत दुसरा मार्गच नव्हता. मला ती साखर पेठेत मिळाली.

'सोलापूर' छापले गेले. पण किंमत काय मोजली पाहा. सोळा ठिपक्यांचे अक्षर म्हणजे पाव इंचाला थोडे कमी. ११ इंचांच्या ज्या कागदावर इंग्रजीच्या ६६ ओळी बसत, त्यावर मराठीच्या जेमतेम ३६. प्रत्येक ओळीला दोन फेऱ्या, आणि दोन्ही फेऱ्या एकाच दिशेने, कारण जाता-येता छापले तर काना एक केसभर सरके आणि अक्षर उसवलेल्या शिवणीसारखे दिसे. कागद ओढणाऱ्या चाकाचे दात थोडे झिजले असतील तर दोन फेऱ्यांच्या मधे पांढरी फट पडे आणि सगळी ओळ कमरेत तुटे. इंग्रजी पत्र अर्ध्या मिनिटात. मराठी पत्र लावून चहाला जाऊन यावे. गिऱ्हाईक हेच म्हणे : "मराठीत होतंय ते ठीक आहे, पण इंग्रजीतच काढा, लवकर होतं." व्यापाऱ्याला दोष देता येत नाही. यंत्राचा वेग इंग्रजीच्या बाजूने होता, एवढेच.

त्या वेगाचे परिणाम मात्र माणसांवर झाले, आणि हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या शाळेचे जनरल रजिस्टर हाताने, मराठीत लिहिलेले. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरून उतरवलेला. पुढे जिथे जिथे कम्प्युटर आले तिथे याद्या इंग्रजी मोठ्या अक्षरांत निघू लागल्या. इंग्रजीत 'ळ' नाही, 'ण' नाही. 'काळे' आणि 'काले' एकच झाले, 'दाते' आणि 'दाटे' एकच झाले. आपल्या वर्गात तर मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशी सगळी आडनावे. ती इंग्रजीत गेली आणि पुन्हा मराठीत उतरवली गेली तेव्हा काहीच्या काही होऊन बाहेर आली. ठरावीक रकान्यांपेक्षा नाव लांब असले की शेवट कापला जाई. रेल्वेच्या डब्यावर चिकटवलेल्या आरक्षणाच्या यादीत आपले अर्धेच आडनाव शोधून चढायची आपल्याला सवय झाली होती. प्रवासात ते चालून जाते. आमच्या गल्लीतल्या एका गिरणी कामगाराचे चालले नाही. गिरणी बंद झाल्यावर देणी मिळायची वेळ आली तेव्हा दाखल्यावर एक आडनाव, छापील यादीत दुसरे. त्यांच्याच नावाशी जुळणारे आणखी एक गृहस्थ यादीत होते. दोघांचेही इंग्रजी स्पेलिंग तेच. प्रतिज्ञापत्र झाले, दोन साक्षीदार झाले, एका कार्यालयातून दुसऱ्यात हेलपाटे झाले आणि पैसे हातात पडायला वर्ष उलटून गेले. यादी छापणाऱ्याने जाणूनबुजून काही केले नव्हते. 'ळ'ला यंत्रात जागा नव्हती.

ही जागा पुढे मिळाली ती दोन बाजूंनी. एक बाजू जपानची. त्यांच्या चित्रलिपीला नऊ ठिपके काय, सोळाही अपुरे. बऱ्या दिसणाऱ्या अक्षराला २४ गुणिले २४ ठिपके हवेत. म्हणून २४ सुयांची हेडे आली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती आपल्याकडेही दिसू लागली. जपान्यांनी आपल्या गरजेसाठी केलेल्या सोयीत आपले तिन्ही मजले एका फेरीत बसले. दुसरी बाजू आपल्या देशातली. आयआयटी कानपूरमध्ये देवनागरीसाठी चाललेल्या कामातून जिस्ट हे तंत्र उभे राहिले. मोहन तांबे हे त्यातले प्रमुख नाव. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि ते काम तिथे वाढले. जिस्टचे एक कार्ड कम्प्युटरमध्ये खोचले की वर्डस्टार, डीबेस असे मूळचे इंग्रजी प्रोग्रामही मराठीत लिहू-छापू लागत. जिस्टची खरी करामत अशी की भारतीय लिप्यांसाठी एकच सामाईक संकेत आणि एकच कळफलक. 'क'ची कळ दाबली की मराठीत 'क', तीच नोंद कानडीत किंवा तेलुगूत हवी तर एका कळीसरशी लिपी बदलते. सोलापूरसाठी याहून सोयीचे काय असणार? १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने या संकेताला 'इस्की' या नावाने मानक केले. आज मोबाइलवर आपण बॅचच्या ग्रुपवर सकाळी सकाळी मराठीत जे सुविचार पाठवतो, त्या युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी या इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. सुविचारांची जबाबदारी त्यांच्यावर नाही.

तरीही जिस्टचे कार्ड महाग, २४ सुयांचा प्रिंटर महाग. लहान पेढ्या आणि शाळा नऊ सुयांवरच राहिल्या. शाळांचे सांगायचे तर प्रिंटरचा एक उपयोग आपल्या गुरुजनांना आठवत असेल. चाचणीच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाईलवर निघत. मेणाचा थर दिलेल्या स्टेन्सिल कागदावर लेखणीने कोरून लिहायचे किंवा टाइपरायटरने अक्षरे मारायची; जिथे मेण निघाले तिथून शाई झिरपते आणि प्रती निघतात. आपल्या वेळी इंग्रजीचा पेपर टाइप केलेला असे, आणि मराठी, इतिहास, गणित हे पेपर हातांनी कोरलेले. नंतरच्या बॅचना इंग्रजीचा पेपर प्रिंटरने कोरलेला मिळू लागला. त्यासाठी प्रिंटरची रिबीन काढून टाकायची आणि नुसत्या सुया स्टेन्सिलवर मारायच्या. सुयांना मेण लागून त्या अडकत आणि हेड माझ्याकडे दुरुस्तीला येई. स्पिरिटने धुताना मेणाचा वास सुटला की ओळखावे, शाळांच्या परीक्षा जवळ आल्या. मराठीचा पेपर मात्र पुढे कितीतरी वर्षे आपल्या चित्रकलेच्या सरांच्याच हातचा राहिला. त्यांचे नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. ते वळणदार 'श्री' आणि न चुकता शिरोरेषेवर बसणारा रफार नऊ सुयांना जमणारा नव्हता.

शाईचे आणि लेझरचे प्रिंटर आले तेव्हा मला सगळे म्हणाले, आता तुझा धंदा बसला. तो बसला नाही, आणि त्याचे कारण यंत्राच्या धसमुसळेपणात आहे. हा प्रिंटर कागदावर आपटतो. आपटतो म्हणूनच मधे कार्बन घातला तर एका फेरीत तीन-चार प्रती निघतात. लेझर हा कागदाला मारत नाही, त्याला प्रत्येक प्रत वेगळी काढावी लागते. चादरी-टॉवेलच्या गठ्ठ्याबरोबर एक बिल जाते, एक ट्रान्सपोर्टच्या बिल्टीला लागते, एक पेढीवर राहते. तिन्हींवर एकाच झटक्यात तोच आकडा उमटलेला असणे यात व्यापाऱ्याचा विश्वास होता. शिवाय रिबीन स्वस्त, आणि वाळली तरी दोन थेंब शाई सोडून दिवस ढकलता येत. सोलापूरच्या उन्हात आणि मागाच्या रुईत चालणारे दुसरे यंत्र मी पाहिले नाही. कापसाचा बारीक तंतू सगळीकडे शिरतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांतले प्रिंटर उघडले की आत गादी भरल्यासारखी रुई निघे, आणि तरी ते छापत असत.

माग आणि प्रिंटर यांच्यातला उरलेला प्रवास थोडक्यात. कार्डांच्या माळा जाऊन काही कारखान्यांत इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले. डिझाईन आता कम्प्युटरवर होते आणि थेट मागाला पोहोचते. पुठ्ठ्याची जुनी कार्डे रद्दीत गेली. अण्णांनी शेवटची काही वर्षे कम्प्युटरवर डिझाईन केले. माऊस त्यांना आवडला नाही. चौकोन बोटाने मोजता येत नाही, अशी त्यांची तक्रार असे. डब्यावर आरक्षणाच्या याद्या चिकटवणे रेल्वेने २०१८ मध्ये मोठ्या स्टेशनांवर थांबवले. बँकांत पासबुकाचा प्रिंटर अजून आहे, त्याच्याही पोटात सुयाच आहेत.

आता कामाचे. संमेलनाच्या दिवशी मी एक नऊ सुयांचा चालू प्रिंटर आणि त्याला चालवणारा जुना कम्प्युटर घेऊन येणार आहे. नोंदणीच्या टेबलाशेजारी तो ठेवला जाईल. ज्याला आपले नाव मराठीत छापून हवे असेल त्याने ते शाळेच्या दाखल्यावर होते तसे, 'ळ' आणि 'ण' नीट सांगून, चिठ्ठीवर लिहून द्यावे. कुणाकडे सरांच्या हातची एखादी सायक्लोस्टाईल प्रश्नपत्रिका शिल्लक असेल तर तीही आणावी, मला तिचा फोटो काढून ठेवायचा आहे. एका नावाला दोन फेऱ्या लागतात. तेव्हा रांगेत थोडे थांबावे लागेल.